शेऱ्याचा रिकामा रकाना

"अहो बाई, तारा एकटा आहे! अजून किती वेळा सांगू?"

"तुम्ही म्हणता म्हणून एकटा, की खरंच एकटा?"

"जावई शोधताय का?"

"जावई असता तर एवढं खोदलं नसतं, सर. तो चुकला तर एकाच घराचं वाटोळं."

सर म्हणजे प्रकल्पप्रमुख. आणि बाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकात. बाकी सगळ्यांच्या तोंडी शंकाताई. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारी, सख्ख्या बहिणीच्या हातचा चहाही आधी हुंगणारी. बावीस वर्षं ती तुलनेचे तारे निवडतेय. अवकाशातली दुर्बीण आधी असा एक तारा टिपते, मग ज्याच्याभोवती ग्रह शोधायचा तो. दुसऱ्या चित्रातून पहिल्याचा उजेड वजा करायचा; एखादा ठिपका उरला तर तो ग्रह. पण पहिल्याच्याच कुशीत एखादा मिणमिणता जोडीदार दडलेला असला, की वजाबाकी नासली. खरा ग्रहही पुसला जाऊ शकतो.

"त्या भागात दुसरा चालण्यासारखा तारा नाही," सर म्हणाले. "आज पाचपर्यंत यादी गेली नाही तर दुर्बिणीवरची आपली वेळ दुसऱ्यांना. सहा वर्षं वाट पाहिलीय मी या ग्रहाची. करा सही."

"वाट मीही पाहिलीय. म्हणूनच तर."

यादी पडद्यावर होती. ताईचं बोट त्या ताऱ्याच्या ओळीवरून सरकत शेवटच्या रकान्याशी अडलं. शेरा: कोरा.

तिनं पर्समधून वही काढली. संगणकावर लिहिलेला प्रत्येक शेरा ती पेन्सिलीनं वहीतही उतरवायची. त्यावर ऑफिसात ढीगभर विनोद झाले होते; निम्मे सरांचेच.

"मंगळवारी मी इथं लिहिलं होतं. ऐका. 'पंचवीस वर्षांपूर्वीच्या आणि आताच्या मोजणीत ताऱ्याची चाल जुळत नाही. न दिसणारं कुणीतरी त्याला ओढतंय. वापरू नये.'"

"सेव्ह करायचं राहिलं असेल."

"माझं?"

सर हसले. एकटेच.

"या फाइलचा पासवर्ड दोघांकडेच आहे, सर. त्यातली एक मी." ताईनं वही उघडीच त्यांच्यापुढे सरकवली. "शेरा कुणी पुसला?"

पाचला दहा मिनिटं कमी होती. सरांनी चष्मा पुसला, चढवला, पुन्हा काढला. मग सही न मागताच खुर्चीवरचा कोट उचलला आणि दार उघडं टाकून चालते झाले.