काट्यावरची लोकर

बाभळीच्या काट्याला अडकलेला लोकरीचा पुंजका परदेशी मेंढपाळाने हलकेच सोडवला, हुंगला आणि सवयीने खिशात ठेवला. खतासाठी शेतात बसवलेल्या मेंढ्या दाखवायला मी त्याला आणलं होतं. दोन्ही देशांतल्या मेंढपाळांनी मिळून काय करावं, हे बोलणं चाललं होतं.

कळपाच्या मालकीण सखूबाई हसल्या. "त्येला म्हणावं, पोतं भरून ने. आमी कातरून टाकूनच देतो, कुणी घेत न्हाई."

मी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. तो म्हणाला, "आम्हीही टाकूनच देतो."

मेंढी दरवर्षी अंगावर ऊब वाढवते आणि ती कुणालाच नको? मी उगाच बांधावर येरझाऱ्या घालू लागलो.

"मग तिकडच्या थंडीत माणसं पांघरत्यात तरी काय?" सखूबाईंनी विचारलं.

माझ्या प्लॅस्टिकच्या धाग्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती.