टिटवीची वाट

केशोरीत सायकलींचे पंक्चर काढणारा तो माणूस संध्याकाळी दुकान बंद करून इटियाडोह धरणाच्या पाण्यात घुसलेल्या खडकाळ टोकावर पाखरं बघायला येतो. मी दुर्बीण घेऊन जातो, तो रिकाम्या हातानं. काहीही विचारा, आधी "काऊन?" म्हणून उलट कारण विचारतो आणि पुढं बहुतेक बोलतच नाही.

यंदा चैत्रात टिटवीनं त्या टोकाकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरच अंडी घातली. त्यानं वाटेत सायकल आडवी टाकली आणि शेजारी मांडी घालून बसला. थोड्या वेळानं पार्टीला निघालेली एक जीप येऊन हॉर्न वाजवू लागली.

"हटो ना चाचा, रास्ता तुम्हारे बाप का है क्या?"

"माज्या नाही, तिच्या बापाचा आहे," तो टिटवीकडे बोट दाखवून म्हणाला. "पायी जा."

जीपवाले शिव्या देत मागं फिरले. टिटवी मात्र किंचाळत त्याच्याच डोक्यावर झेपावत राहिली.

मी म्हटलं, "तुम्ही तिच्यासाठी बसलात आणि ती तुम्हालाच हाकलून राहिली."

"काऊन नाही हाकलावं तिनं?" तो जागचा न हलता म्हणाला. "मीबी तं माणूसच आहो."