नानांची लाल टू-सीटर

घोडेगावात पंक्चरच्या दुकानापुढं आम्ही चौघं जमलो, की गप्पा कांद्याच्या बाजारभावावर सुरू होतात आणि शिनोलीच्या नानांच्या गाडीवर येऊन थांबतात. किती सांगितले तरी एखादा किस्सा शिल्लक राहतोच राव!

गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार. लाल, बुटकी, दोन दारं, दोनच सीटा. ऐन उमेदीत नानांनी ती मुंबईच्या एका माणसाकडून आणली आणि घरच्या बैलांशेजारी गोठ्यात बांधली. हो, ते ‘बांधली’च म्हणायचे.

* * *

गाडीचं पोट जमिनीला टेकायचं. त्यामुळं स्पीडब्रेकर आला, की नाना शेजारच्याला खाली उतरवायचे. तेवढंच वजन कमी. शिनोली ते घोडेगाव मी नानांच्या गाडीतून कितीदा तरी आलोय, आणि निम्मं अंतर चालत आलोय.

* * *

एकदा आहुप्याच्या रस्त्याला मेंढरं आडवी आली. एका कोकराचा पाय मोडलेला, मेंढपाळ बिचारा रडकुंडीला आलेला. नानांनी मला उतरवलं, कोकराला सीटवर ठेवलं, वरून बेल्ट लावला. म्हटलं, मी काय करू? तर म्हणाले, “पाय त्याचा मोडलाय. तुझं धड हायेत ना?”

* * *

पुतण्याच्या लग्नात वरात ह्याच गाडीतून काढायची ठरली. गाडी नानाच चालवणार, मग उरली एक सीट. तिथं नवरदेव बसला. नवरी मागून जीपमध्ये. दारात गाडी थांबली, बायका ताट घेऊन पुढं आल्या आणि गर्दीत नवरदेवाबरोबर नानांनाच ओवाळून मोकळ्या झाल्या!

* * *

पुढं नानांचे गुडघे गेले. गाडीत बसता यायचं, उठता यायचं नाही. आम्ही दोघं काखेत हात घालून ओढायचो, नाना हसायचे. एक दिवस मात्र हसले नाहीत. स्टेअरिंगवर हात ठेवून म्हणाले, “इकू आता. उभी राहून गंजल बिचारी.”

* * *

पुण्याचे एक गृहस्थ गाडी न्यायला आले. सगळा व्यवहार झाला. नानांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, बॉनेटला हळदकुंकू लावलं. काकींना आम्ही त्या गाडीत कधी नानांच्या शेजारच्या सीटवरसुद्धा बघितलं नव्हतं. पाहुणे आत बसले आणि त्यांनी चावी मागितली.

नाना मूठ सोडेनात.

“जनावर इकलं तरी दावं देत न्हाई आमी,” नाना म्हणाले. “दावं घेणाऱ्यानं आपलं आणायचं.”

आमच्याकडची रीतच आहे ती. बैल दुसऱ्याच्या दावणीला जातो, त्याचं दावं मालकाच्या घरी परत येतं. पाहुण्यांना वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. आम्हीही आधी हसलो. मग नानांचे डोळे दिसले आणि हसू आवरलं. पाहुणे घड्याळ बघायला लागले. नानांना समजवायची कुणाची छाती होईना.

काकी आत गेल्या. डब्यांच्या फळीवर काहीतरी खुडबुडलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरी चावी होती. ही कधीच हरवली, असं नाना आम्हाला सांगत आले होते.

“दावं ह्यांच्यापाशी ऱ्हाऊ द्या,” म्हणत काकींनी ती पाहुण्यांच्या हातात दिली. पाहुण्यांनी गाडी सुरू केली. नाना काकींकडं बघतच राहिले.

काकी खिडकीशी वाकल्या.

“पावणं, तिसरा गियर दामटू नका. जरा दम धरला, की आपसूक पडतो.”