दार आतूनच उघडलं होतं

कारंजा लाडमधल्या तूरचोरीचा तो तपास मी अजून विसरलेलो नाही. ठाणेदार म्हणून ती माझी शेवटची मोठी उकल.

एका व्यापाऱ्याच्या गोदामातून भरदुपारी तुरीची पोती जात होती. कॅमेरा पुढच्या फाटकावर होता, मागचं शटर त्यात दिसत नसे. गोदामाचा चौकीदार इंझोरी गावचा. तो जेवायला आपल्या खोलीवर गेला की नेमकी तेव्हाच चोरी व्हायची. शेठने फिर्यादीत त्याच्यावरच संशय घेतला. त्याला चौकशीला बोलावलं, तर त्याची बायको ठाण्याच्या फाटकाशी येऊन उभी राहिली.

चौकीदार म्हणाला, "मी कायले चोरू, साहेब? जेवाले जातो, तेवढाच माहा गुन्हा."

कसंही फिरवून विचारलं तरी जबाब तोच. खोटं बोलणारा दर वेळी काहीतरी नवं जोडतो. याने काही जोडलं नाही. मी अटक थांबवली. शेठ चिडला.

मग खबऱ्याने बातमी आणली. "साहेब, ढाब्यावर एक टेम्पोवाला बसते. मोबाइलमंदी गोदामाचं फाटक पाहून राह्यला." आम्ही टेम्पोवाल्याला मोबाइलसह ताब्यात घेतलं. तो सगळं नाकारत राहिला, पण मोबाइलमधलं चित्र गोदामाच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून येत होतं. त्या खोलीची किल्ली फक्त शेठचा हिशेब पाहणाऱ्या मुनीमजींकडे.

मुनीमजी हसले. "चोरीच्या टायमाले मी शेठसंगं बाजार समितीत होतो. बाहेरूनच कोनी घुसलं असन त्या कॉम्प्युटरमंदी." शेठनेही मान डोलावली.

वाशिमहून सायबर शाखेच्या महिला हवालदार आल्या. ऑफिसातल्या राउटरची सेटिंग पाहून म्हणाल्या, "सर, इथे पोर्ट ट्रिगरिंग लावलंय. बाहेरच्याने कितीही धडका मारल्या तरी हा राउटर आत घेत नाही. आतल्या कॉम्प्युटरने ठरलेल्या पोर्टवरून, म्हणजे इंटरनेटच्या ठरलेल्या दारातून, आधी बाहेर संदेश पाठवला, तरच राउटर येण्याचं पोर्ट उघडतो, तेही त्याच कॉम्प्युटरसाठी. संदेश थांबले की थोड्या वेळाने पोर्ट आपोआप बंद."

"म्हणजे सुरुवात आतूनच व्हायला पाहिजे?"

"आतूनच, सर."

मी पंच बोलावले आणि शेठ, मुनीमजी सगळ्यांसमोर प्रयोग केला. कॉम्प्युटरवरचा कॅमेऱ्याचा प्रोग्राम बंद असताना टेम्पोवाल्याच्या मोबाइलवर काहीच येईना. बाईंनी प्रोग्राम सुरू केला आणि फाटक लख्ख दिसलं. पुन्हा बंद केला. जरा थांबलो, मग मोबाइलला काही केल्या जोडता येईना.

मी मुनीमजींकडे वळलो. "बाजार समितीत जाण्याआधी हा प्रोग्राम सुरू करून खोलीला कुलूप कोण लावत होतं?"

त्यांनी त्या खोलीची किल्ली काढून शेठपुढे ठेवली. "चुकलं, साहेब." ते फुटल्यावर टेम्पोवालाही घडाघडा बोलू लागला. चौकीदार फाटकातून बाहेर पडताना दिसला की मागच्या शटरने माल भरायचा, असा त्यांचा डाव होता. लपवलेली पोती मेडशीजवळच्या एका शेडमध्ये मिळाली. त्या दिवशी माझं अख्खं ठाणं दिवाळी असल्यासारखं खुश होतं.

माणसाने काय केलं असेल याचे तर्क कोणीही लढवतो. त्याच्या हातून काय होणं शक्यच नव्हतं, हे आधी तपासावं, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. त्या बंद खोलीतला प्रोग्राम चौकीदाराच्या हातून सुरू होणं शक्यच नव्हतं.

चौकीदार काम सोडून गावी गेला होता. शेठ स्वतः इंझोरीला गेला आणि चारचौघांत त्याने चौकीदारापुढे हात जोडले. चौकीदार म्हणाला, "येतो मी कामावर. पन आता ऑफिसच्या खोलीची किल्ली माह्यापाशी राहीन."

शेठने तिथल्या तिथे किल्ली काढून दिली.