पाच नंबरची कॉलर

सुहास दामले सहा आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेला. हृदयविकार. वय एक्कावन्न. मेधाचा, त्याच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी क्वीन्सटाउनला ऑफिसच्या लिफ्टपाशी होतो. "गेला रे," ती म्हणाली. मग, "तीन नंबरचं बघशील? पहाटे तेच विचारत होता..."

तीन नंबर म्हणजे सांबराची मादी. सुहास पुण्याचा, पशुवैद्य. या बेटावरच्या जंगलातली सांबरं हमरस्ता कुठे ओलांडतात ते शोधण्यासाठी त्यांना भूल देऊन रेडिओ-कॉलर बांधायचं काम त्याच्याकडे होतं. एकदा मी सोबत गेलो होतो. डार्ट लागून मादी आडवी झाल्यावर त्याने आधी तिचे डोळे झाकले, मग कॉलर बांधली आणि आत तळहात सरकवून पाहिला. सैल राहिली तर पाय अडकतो, घट्ट बसली तर मान सोलते.

"नाव तरी ठेव हिचं," मी म्हणालो.

"बारशी तुम्ही पेपरवाल्यांनी करा. मला ही चौदा दिवस जगली म्हणजे झालं."

पकडताना बसलेल्या धक्क्याने जनावर नंतरही दगावतं. दोन नंबरचा नर सहाव्या दिवशी मेला होता. त्यानंतर सुहास जेवतानाही फोन ताटाशेजारी ठेवायचा. तो गेला तो तीन नंबरचा नववा दिवस.

त्याच संध्याकाळी अंत्यसंस्कार उरकून आम्ही त्यांच्या पुंगोलच्या फ्लॅटवर आलो आणि त्याचा फोन वाजला. कॉलर चोवीस तास जागची हलली नाही की संदेश येतो: हालचाल नाही. मेधाने फोन माझ्याकडे सरकवला.

"तूच वाच."

त्यांची तेरा वर्षांची मुलगी ईरा माझ्या खांद्यावरून डोकावली, इथल्या इंग्रजीत म्हणाली, "काका, इट्स नंबर फाइव्ह लाह. नॉट हर."

पाच नंबरची कॉलर कुठल्याच सांबराच्या गळ्यात नव्हती. चाचणीसाठी सुहास ती बॅगेत घेऊन फिरायचा, एमआरटीच्या गाडीत, हॉकर सेंटरला जेवायला जाताना. "पाच नंबरचं जनावर मीच," म्हणायचा. बॅग आदल्या संध्याकाळपासून दाराशी खुंटीला होती.

मेधा उठली. बॅग काढून तिने खुर्चीवर ठेवली.

तीन नंबरने चौदा दिवस पार केले. ती अजून चालते आहे. पाच नंबर परत करायची आहे. घाई नाही, असं सुहासच्या ऑफिसने कळवलं. ती बॅग आता मेधा कामाला जाताना नेते. कॉलरची कालची नोंद: पुंगोल, नोव्हेना, पुंगोल. हालचाल आहे.