उत्तराचं पान

साऱ्या मराठवाड्यात देवाकडून लेखी उत्तर मागणारा एकच माणूस असेल, आणि तो आमच्या नशिबी थोरला साडू म्हणून आला आहे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांचा उभा जन्म गाड्या सोडण्यात गेला. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सकाळी सातला ते आमच्या तालुक्याच्या स्टँडवर हजर असतात. पाटोद्याची गाडी लागली की उठतात, ड्रायव्हरला हात करतात, गाडी गेली की घड्याळ बघतात, बसतात, पुन्हा उठतात. घरीही तेच. अर्धा चहा ओट्याशी, अर्धा अंगणात. अशा माणसाला आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, की रोज शास्त्राचा उतारा वाचा, मनन करा, मनात येईल ते प्रभूला वहीत लिहा आणि मग शांत बसून तो काय म्हणतो ते ऐका. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरले. साडूंनी लांब रेघांची जाडजूड वही आणली.

आत्मिक रोजनिशी अशी असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. 'सकाळी ६.०५, प्रार्थना सुटली. ६.०९, शेजारच्या मिक्सरमुळे ब्रेकडाऊन. ६.२० मार्गस्थ. ६.२२ आमेन.' खाली पापांची कबुली. एकदा मोठ्या कौतुकानं त्यांनी मलाच वाचून दाखवली: 'साडूच्या नव्या शर्टाचा हेवा वाटला. रंग मात्र भिकार आहे.' मी रागावलो तर म्हणाले, "देवापुढं खोटं लिहू का?" उपदेश चालू असतानाही त्यांचं लिहिणं चालूच असे, आणि दर पाच मिनिटांनी ते घड्याळाकडं बघत. बिचारे पाळकसाहेब त्यामुळे लवकर आटपत.

डावं पान स्वतःचं आणि उजवं प्रभूच्या उत्तराचं, अशी त्यांनी वाटणी केली होती. उजवी पानं कोरीच राहिली. "उत्तर शास्त्रातून मिळतं," पाळकसाहेब समजावत. "ते सगळ्यांसाठी हाय, साहेब. माझ्या अर्जाचं काय?" अर्ज एकच होता. रोज डाव्या पानाच्या तळाशी ते लिहीत, 'लेकीचं काय करू?' दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं सिरसाळ्याच्या एका बौद्ध शिक्षकाशी लग्न केलं होतं. मुलगा चांगला होता, हे साडूंनाही मान्य होतं. पण लग्न चर्चमध्ये झालं नाही म्हणून रागाच्या भरात ते तिला म्हणाले, "या दारात येऊ नको." ती आली नाही. तेव्हापासून हा माणूस जास्तच उठबस करू लागला होता. मला त्यांचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मग एके दिवशी साडू ती वही स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत विसरले. रेघा आखलेल्या, वेळा लिहिलेल्या, वर दोरीनं बांधलेलं पेन. लोकांना ती तक्रारवही वाटली, यात लोकांचा काय दोष? दुसऱ्या दिवशी वही मिळाली तेव्हा प्रभूच्या पानांवर गर्दी झाली होती. कुणी लिहिलं होतं, 'बाकड्यावर कुत्री झोपत्यात.' कुणी, 'सुट्ट्या पैशावरून कंडक्टर लई बोलला.' आणि एका पानावर, लेकीच्या प्रश्नासमोर, वाकड्या अक्षरात: 'फोन कावून करत न्हाई? तुमी बोलल्याबिगर तिला काय सपान पडणार हाय का?'

साडूंनी ते पान माझ्यापुढं धरलं. "अक्षर वळखता का?"

"असेल कुणीतरी प्रवासी," मी म्हणालो.

"प्रवासी तर हायच. पण पाठवला कुणी?"

ते स्टँडच्या या गेटापासून त्या गेटापर्यंत चालू लागले आणि मी त्यांच्यामागून. दोनदा नंबर लावून त्यांनी घाईघाईनं कट केला. तिसऱ्यांदा लागला. कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"पप्पा?" पलीकडून आवाज आला.

"तिकडं पाऊस हाय का?"

"न्हाई."

साडूंनी घड्याळ बघितलं. मग साडू पुटपुटले, "चुकलं माझं."

"पप्पा, आवाज येईना. परत बोला."

साडूंनी इकडंतिकडं पाहिलं. समोर अंबाजोगाईच्या गाडीची सगळी गर्दी. बंद पडलेल्या माइकमुळे तीस वर्षं ज्या आवाजात गाड्या पुकारल्या, त्याच आवाजात ते म्हणाले, "चुकलं माझं, बाई. घरी ये. दोघंबी या."

चणे-फुटाणेवाली माप हातात धरून बघत राहिली. फोनमधून नुसता रडण्याचा आवाज येत होता, आणि तो अगदी स्वच्छ येत होता.

त्या वेळी रेंज खरंच गेली होती का, हे मी पोरीला अजून विचारलेलं नाही. दोन वर्षं वाट पाहिलेलं वाक्य एकदा ऐकून भागत नसावं.