मुलामा हाय, भाऊ

चहाचा ट्रे समोर आला की कोणी कप उचलायच्या आत हा माणूस ट्रेच उचलायचा. कपांसकट डोक्याच्या वर धरायचा आणि गळक्या छपराकडे पाहावं तशी मान मागे टाकून त्याचं बूड न्याहाळायचा. मग ट्रे खाली ठेवून यजमानाला सांगायचा, "मुलामा हाय, भाऊ." विचारलेलं कोणीच नसायचं. बशांमध्ये चहा सांडलेला असायचा तो वेगळाच.

गोंदियात स्टेशनच्या बाजूला माझा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून याचं जुन्या भांड्यांचं दुकान. बदली झालेल्या साहेबांचे बंगले, वाटण्या झालेली मालगुजार जमीनदारांची घरं, अशा ठिकाणांहून तो चांदीचं पाणी चढवलेली विलायती भांडी गोळा करायचा. एकदा त्याला टोस्ट उभे ठेवायची तारांची जाळी मिळाली. आता गोंदियात टोस्ट उभा ठेवून कोण खातो? ती त्यानं एका वकिलाला पाकिटं ठेवायला विकली, पण ती मुळात टोस्टचीच कशी, हे त्याला अर्धा तास ऐकवून.

पारख करताना तो भांडं गालाला लावायचा, अंगठ्यानं घासून अंगठ्याचा वास घ्यायचा. पण खरा भरवसा बुडावर. "बुडाले चार इंग्रजी अक्षरं ठोकली दिसली का समजाचं, मुलामा हाय. खऱ्या चांदीवाला कायले येवढी सफाई देईन?" त्यानंतर कड्या. जिथं माणसाचा हात फिरतो तिथला मुलामा आधी उडतो आणि खालचा पिवळट धातू डोकावतो. गिऱ्हाईक विचारायचं, "भैया, असली है क्या?" हा म्हणायचा, "भांडा असली है. चांदी नहीं है."

सगळ्यात जास्त तो चिडायचा हौशी लोकांवर. भाव चांगला यावा म्हणून ते भांड्याला नवा मुलामा चढवून, चकचकीत करून आणायचे. हा कपाळावर हात मारायचा. "डोकरीले पावडर लावून आणली तुमी! जुनेपणाचीच किंमत होती, थेच पुसून टाकली." आणि अर्ध्या भावात घ्यायचा.

लग्नातही तेच. माझ्याकडच्या अल्बमांमध्ये तो जिथं जिथं दिसतो, तिथं त्याच्या हातात पालथं भांडं आहे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याला न बोलावून चालत नाही आणि बोलावलं की घरचे आधी ट्रे लपवतात.

त्याला एकच मुलगी. तिचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं, आणि दोन्ही वेळा हाच कारण. मुलाच्या घरी पोहे खाता खाता वाटी पालथी केली आणि निकाल देऊन आला. तिसरं स्थळ तिरोड्याचं आलं. मुलगा पोरीला मनापासून आवडला होता. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, सकाळी ती माझ्यासमोर त्याला म्हणाली, "बाबा, आज हात मांगं बांधून उभे राहा. माह्यासाठी." त्यानं मान डोलावली आणि तेव्हापासूनच हात मागे बांधले.

मुलाकडच्यांनी साडी-नारळ आणला तो एका भल्या मोठ्या तबकात. मुलाची आजी खुर्चीत बसली होती. तिनं होणाऱ्या व्याह्याला मंडपभर ऐकू जाईल असं म्हटलं, "इवाई, लोक तुमाले पारखी म्हणते. आमच्या घरची चार पिढ्यांची चांदी हाय. सांगा बरं सगळ्याइले."

"राहू द्या जी."

"काऊन राहू द्या? सांगा ना!"

तो घामाघूम झाला. पाठीमागे त्याची बोटं एकमेकांत अडकली होती, मला कॅमेऱ्यातून दिसत होतं. त्यानं पोरीकडे पाहिलं. पोरीनं क्षणभर डोळे मिटले, साडी आणि नारळ उचलून मांडीवर घेतला आणि रिकामं तबक बापापुढे धरलं.

त्यानं ते पालथं केलं. गालाला लावलं. कड्यांवरून अंगठा फिरवला.

"मुलामा हाय, माय."

मुलाचा काका ताडकन उभा राहिला. हा आयुष्यात पहिल्यांदाच अडखळत बोलला, "पण ऐका ना जी. चांदी असती तं एखाद्या कोरड्या सालात सोनाराकडं गेली असती. मुलामा होता म्हणून घरात राह्यला. ह्या कड्या पाहा, किती जणाइनं हाती धरून वाढलं असन."

म्हातारी बोळक्या तोंडानं हसायला लागली. "नेलं होतं ना मी सोनाराकडं! थो बी हेच बोलला. तवापासून घरात कोणाले सांगतलं नाई. म्हणलं, पाहू इवाई खरं बोलते का." ही चांदी तिरोडाभर मिरवणारा काका जो खाली बसला, तो जेवणापर्यंत उठला नाही. म्हातारी म्हणाली, "पोरी, ठेव तो नारळ तबकात. उशीर होऊन राह्यला."

तो गेला त्याला आता काही वर्षं झाली. त्याच्या दुकानात हल्ली मोबाईलची कव्हरं मिळतात. मला त्याची फार आठवण येते. लग्नघरी ट्रे समोर येतो, सगळे मुकाट कप उचलतात, आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मध्यंतरी तिरोड्याला एका कार्यक्रमाचे फोटो काढायला गेलो होतो, तेव्हा त्याच्या मुलीच्या घरी डोकावलो. ती बाहेर आली ती तेच तबक घेऊन. रिकामं. कड्या आता पार पिवळ्या पडल्या होत्या. तिनं ते माझ्यासमोर पालथं धरलं. "पाहून घ्या काका. मंग कप ठेवतो."

मला त्यातलं काही कळत नाही. तरी मी चष्मा लावला, बुडाची चार अक्षरं पाहिली आणि म्हणालो, "मुलामा हाय."

"हो जी," ती म्हणाली आणि चहा आणायला आत गेली. चहा तयारच होता, पण तो यायला बराच वेळ लागला.